ॲसिड जास्त नाही, झडप ढिली: रिफ्लक्स नीट समजून घेऊया

कानात इअरफोन घालून ऐकणाऱ्यांचं आणि मीटिंग चालू असताना गुपचूप वाचणाऱ्यांचंही स्वागत. हे आपल्या एपिसोडचं लिखित रूप आहे. बोलताना येणारे ‘अं’ आणि ‘ॲक्च्युअली’ काढलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय तुमच्याच व्हॉइस नोट्समधून आला. शब्द वेगवेगळे, तक्रार एकच. रात्री आडवं झालं की छातीच्या मधोमध जळतं, सकाळी तोंड आंबट. मेडिकलमधून गोळी आणली की बरं वाटतं, थांबवली की परत सुरू. एकाने तर विचारलंय, “दादा, मी दीड वर्ष रोज तीच गोळी घेतोय, पोटात इतकं ॲसिड येतं कुठून?”

या प्रश्नातच मेख आहे. बहुतेक रिफ्लक्सवाल्यांच्या पोटात ॲसिड जास्त नसतंच! तुमच्या-माझ्याइतकंच असतं. ते फक्त चुकीच्या जागी पोचतं. हे एकदा डोक्यात बसलं की कधी जेवायचं, कसं झोपायचं, गोळी कधी घ्यायची, याचं कारण आपोआप कळतं.

पण त्याआधी एका शब्दाचा गुंता सोडवू. मराठी घरात ‘पित्त’ हा एकच शब्द किती कामं करतो बघा. अंगावर लाल गांधी उठल्या, आजी आमसूल चोळते, म्हणते पित्त उठलं. डोकं ठणकतंय, उजेड सहन होत नाही, उलटी झाली की मोकळं वाटतं, ते झालं पित्ताचं डोकं. उलटीत पिवळं कडू पाणी आलं, पित्त पडलं. आणि छातीत जळजळ झाली की पित्त वाढलं.

आधुनिक वैद्यकात या चार वेगळ्या गोष्टी आहेत. गांधी उठणं ही त्वचेतली प्रतिक्रिया, ॲलर्जीच्या जातीची. ते डोकं पुष्कळदा सरळसरळ मायग्रेन असतं. माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं, कारण माणूस वर्षानुवर्षं ॲसिडिटीच्या गोळ्या खातो आणि मायग्रेनवर उपचार होतच नाहीत. पिवळं कडू पाणी म्हणजे यकृतात तयार होणारा पित्तरस, पोट रिकामं असताना उलट्या झाल्या की तो वर येतो. चौथी गोष्ट, ती छातीतली जळजळ, हा आपला आजचा विषय. (आयुर्वेदात ‘पित्त’ ही संकल्पना याहून बरीच मोठी आहे. मी बोलतोय ते घरातल्या रोजच्या वापराबद्दल.)

तर आता आत काय चालतं ते पाहू. घशापासून जठरापर्यंत साधारण २५ सेंटिमीटरची अन्ननलिका असते. ती जठराला मिळते तिथे स्नायूंचं एक कडं असतं, आपण त्याला झडप म्हणू. छाती आणि पोट यांच्यामधला श्वासपटल या कड्याला बाहेरून चिमटा काढल्यासारखा धरून ठेवतो. घास गिळला की झडप काही सेकंद उघडते, घास खाली गेला की मिटते.

जठरातलं ॲसिड लिंबाच्या रसाइतकं, कधी त्याहूनही तीव्र असतं. जठराला त्याचं काही वाटत नाही, कारण त्याला आतून चिकट श्लेष्माचं जाड अस्तर आहे. अन्ननलिकेला तसं संरक्षण नाही. तेच ॲसिड चार बोटं वर सरकलं की आग होते.

मग झडप असून ॲसिड वर जातं कसं? ढेकरेमुळे! खरंच. जेवणानंतर जठर फुगतं, आतली हवा बाहेर पडावी म्हणून झडप काही न गिळताच थोडा वेळ सैल होते. ही शरीराची सोय आहे. हवेबरोबर थोडं ॲसिडही वर येतं, लाळ गिळली जाते, ते परत खाली जातं, आपल्याला पत्ताही लागत नाही. हे सगळ्यांनाच दिवसातून बऱ्याचदा होतं. काहींची झडप मुळातच ढिली असते, काहींच्या जठराचा वरचा भाग श्वासपटलातून छातीत सरकलेला असतो, त्याला हायेटस हर्निया म्हणतात. पोटावर चरबी वाढली की खालून दाब येतो. आठवड्यातून दोन किंवा जास्त दिवस त्रास व्हायला लागला, किंवा अन्ननलिकेला इजा झाली, की त्याला आजार म्हणायचं. जीईआरडी म्हणतात तो हाच.

एक भारी गोष्ट सांगतो. जेवल्यावर अन्नामुळे जठरातलं ॲसिड बरंच सौम्य होतं. तरी जळजळ जेवणानंतरच का होते? कारण नव्याने स्रवलेलं ॲसिड अन्नात पूर्ण मिसळत नाही. वरणावर तुपाचा थर तरंगावा तसा त्याचा एक थर अन्नाच्या वर, बरोबर झडपेखाली जमतो. आता विचार करा, रात्री साडेअकराला डिलिव्हरीची बिर्याणी आली, बारा वाजता संपली, सव्वाबाराला तुम्ही आडवे होऊन रील्स बघताय. ॲसिडचा थर झडपेला टेकलेला, फुगलेल्या पोटामुळे झडप सारखी उघडतेय, आणि आडवं झाल्यामुळे ॲसिड खाली ओढणारं गुरुत्वाकर्षणही मदतीला नाही. वर झोपेत लाळ कमी सुटते, गिळणं जवळजवळ थांबतं. दिवसा मिनिटभरात धुऊन जाणारं ॲसिड रात्री तिथेच पडून राहतं.

म्हणून माझ्या यादीत पहिला नंबर मेन्यूचा नाही, घड्याळाचा. शेवटचं जेवण आणि आडवं होणं यात तीन तास ठेवा. हिंजवडीला सेकंड शिफ्ट करणारे लगेच म्हणतील, “शक्य नाही.” मग उलटं करा. मोठं जेवण शिफ्टच्या मधल्या ब्रेकमध्ये घ्या, घरी आल्यावर थोडंसंच काहीतरी खा. तिखट सोडण्यापेक्षा हे जास्त उपयोगी पडेल.

झोपायचं कसं? डाव्या कुशीवर. जठर डावीकडे आहे. डाव्या कुशीवर झोपलं की झडप ॲसिडच्या पातळीच्या वर राहते, उजव्या कुशीवर ती बुडते. पलंगाची डोक्याकडची बाजू १५ ते २० सेंटिमीटर उचला, पायांखाली विटा किंवा लाकडी ठोकळे ठेवले तरी चालतं. उशांवर उशा रचू नका. त्याने मान वर जाते आणि पोट मधोमध दुमडतं, म्हणजे दाब उलट वाढतो. जमिनीवर गादी टाकून झोपत असाल तर पाठीपासून डोक्यापर्यंत उतार देणारी पाचरीच्या आकाराची उशी मिळते.

वजन जास्त असेल तर ते कमी करणं हा फायदा सिद्ध झालेला उपाय आहे. थोडंसं उतरलं तरी फरक जाणवतो. सिगारेट झडप सैल करते आणि लाळही कमी करते, म्हणजे दोन्हीकडून मार. दारू आलीच त्यात. जेवून लगेच जिमला जाऊन क्रंचेस मारणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

आता खाण्याबद्दल. “मिसळ सोडू का?” हा प्रश्न मला किती वेळा येतो काय सांगू! सरसकट सगळ्यांना लागू पडेल अशी यादी नाही. तेलकट, तुपकट पदार्थ पोटात जास्त वेळ राहतात, चॉकलेट आणि पुदिना झडप सैल करतात, एवढं बऱ्यापैकी माहीत आहे. म्हणजे जळजळीवर पुदिन्याची गोळी चघळणं काहींना उलट पडू शकतं. कॉफी, टोमॅटो, तिखट यांचं मात्र माणसागणिक बदलतं. एखाद्याला तर्रीने काही होत नाही आणि रिकाम्या पोटीच्या चहाने आग होते. फोनमध्ये नोट्स उघडा आणि दोन आठवडे लिहा: काय खाल्लं, किती वाजता, जळजळ कधी. तुमचे दोन-तीन गुन्हेगार सापडतील. तेवढेच सोडा. बाकी मजेत खा.

उपासाचं वेगळं सांगतो. एकादशीला ॲसिडिटी होते अशी तक्रार घरोघरी असते. पण उपास म्हणजे नक्की काय केलं ते पाहा. दुपारपर्यंत तीन चहा, मग शेंगदाण्याचं कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी ताट भरून, वर बटाट्याचा तळलेला कीस, आणि लगेच वामकुक्षी. यात उपाशी राहिलं कोण?

थंड दूध? लगेच गार वाटतं, पण दूध स्वतःच ॲसिड स्रवायला लावतं, त्यामुळे थोड्या वेळाने पहिले पाढे पंचावन्न. सोडा पिऊन ढेकर काढण्याचंही तसंच. ढेकर आली म्हणजे झडप उघडली! फ्रूट सॉल्टमधलं सोडियम बायकार्बोनेट असलेलं ॲसिड मारतं, मिनिटांत आराम पडतो, लग्नातल्या पंगतीनंतर एखाद्या वेळी ठीक आहे. पण त्यात सोडियम भरपूर असतं. घरात ब्लड प्रेशरचे पेशंट रोज ते घेत असतील तर त्यांना थांबवा.

आता येऊ त्या गोळीकडे. ओमेप्रॅझोल हे या जातीचं पहिलं औषध १९८८ मध्ये बाजारात आलं. पॅन्टोप्रॅझोल, रॅबेप्रॅझोल, इसोमेप्रॅझोल ही त्याचीच भावंडं. औषध उत्तमच आहे, अडचण आहे ती आपल्या घेण्याच्या पद्धतीत.

जठराच्या पेशींमध्ये ॲसिड सोडणारे सूक्ष्म पंप असतात. ही गोळी ते पंप बंद पाडते, पण फक्त त्या वेळी चालू असलेले. रक्तात ती थोडेच तास टिकते, आणि पंप चालू होतात जेवणामुळे. म्हणून गोळी जेवणाच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची, म्हणजे पंप सुरू होतील तेव्हा औषध तिथे हजर असेल. चहा-बिस्किटानंतर, किंवा रात्री जळायला लागल्यावर घेतली तर बराचसा उपयोग वाया जातो. शिवाय पूर्ण परिणाम दिसायला तीन-चार दिवस लागतात. आत्ताच्या आत्ता आराम हवा असेल तर हे औषधच नव्हे. त्यासाठी अँटासिड जेल किंवा अल्जिनेटचं सिरप. हे अल्जिनेट समुद्री शेवाळापासून बनतं आणि मगाशी सांगितलेल्या ॲसिडच्या थरावर तरंगतं झाकण तयार करतं. नाइट शिफ्टवाल्यांनो, तुमची ‘सकाळ’ म्हणजे तुम्ही उठून पहिलं नीट जेवता ती वेळ. घड्याळात तेव्हा संध्याकाळचे पाच का वाजलेले असेनात! आणि हो, गोळी कुटून किंवा चावून घेऊ नका, तिच्यावरचं आवरण मुद्दाम दिलेलं असतं.

पट्टीवर नावापुढे ‘डी’ लिहिलंय का ते बघा. तो ‘डी’ बहुतेक वेळा डॉम्पेरिडोनचा, म्हणजे मळमळीवरच्या औषधाचा. आपल्याकडे जोडगोळी म्हणून ते सर्रास हातात पडतं. या औषधाने हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका थोडा वाढतो. २०१४ मध्ये युरोपच्या औषध नियंत्रकांनी त्याचा वापर फक्त मळमळ-उलटीपुरता, कमी डोसमध्ये आणि साधारण आठवडाभरापुरता मर्यादित केला. इथे लोक ते वर्षभर घेतात, तेही मळमळ नसताना. हृदयाचा काही त्रास असेल किंवा क्लॅरिथ्रोमायसिनसारखी अँटिबायोटिक, फ्लुकोनॅझोलसारखं फंगसवरचं औषध चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही जोडगोळी नकोच.

“मग गोळी किती दिवस?” नेहमीची पद्धत अशी: दिवसातून एक, आठ आठवडे, मग थांबवून बघायचं. इथेच दीड वर्षवाला मित्र अडकलाय. गोळी बरेच दिवस घेतली की शरीर ॲसिड वाढवायचे इशारे पाठवत राहतं. गोळी थांबली की दबलेले पंप जोरात सुरू होतात. डेन्मार्कमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १२० निरोगी माणसं होती, कुणालाच आधी त्रास नव्हता. अर्ध्यांना आठ आठवडे खरी गोळी आणि मग चार आठवडे खोटी, बाकीच्यांना पूर्ण वेळ खोटी. शेवटच्या चार आठवड्यांत खरी गोळी घेतलेल्यांपैकी ४४ टक्के लोकांना जळजळीसारखी लक्षणं आली, दुसऱ्या गटात १५ टक्क्यांना. म्हणजे धडधाकट माणसांनाही गोळी सोडताना जळजळ झाली! तेव्हा गोळी सोडल्यावर पहिल्या काही दिवसांत जळलं तर लगेच “आजार परत आला, आता आयुष्यभर गोळी” असं समजू नका. डॉक्टरांशी बोलून डोस हळूहळू उतरवता येतो, आणि मधले दिवस अँटासिड-अल्जिनेटवर काढता येतात.

याच्या उलट टोकालाही जाऊ नका. या गोळ्यांनी किडनी जाते, स्मृतिभ्रंश होतो, असे फॉरवर्ड फिरत असतात. ते बहुतांशी अशा अभ्यासांवर उभे आहेत ज्यात गोळी घेणारे लोक मुळातच जास्त आजारी होते. १७ हजारांहून जास्त लोकांना सुमारे तीन वर्षं पॅन्टोप्रॅझोल किंवा खोटी गोळी देऊन केलेली मोठी चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात पोटाच्या जंतुसंसर्गाचं प्रमाण किंचित वाढलेलं दिसलं, बाकी ठळक फरक नाही. वर्षानुवर्षं घेणाऱ्यांमध्ये बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं. शाकाहारी असाल तर बी-१२ तपासून घ्या, आपल्याकडे ते तसंही कमीच निघतं. अन्ननलिकेला मोठ्या जखमा असलेल्यांना, किंवा हृदयासाठी ॲस्पिरिन नाहीतर रक्त पातळ करणारं औषध चालू असलेल्यांना ही गोळी मुद्दाम लांबवर दिलेली असू शकते. हा एपिसोड ऐकून बाबांची गोळी परस्पर बंद करू नका, प्लीज.

पिंपल्ससाठी डॉक्सिसायक्लिन घेणाऱ्यांनी इकडे लक्ष द्या. ही गोळी घोटभर पाण्याबरोबर घेऊन लगेच झोपलं की ती अन्ननलिकेत अडकते आणि तिथे भाजल्यासारखी जखम करते. अचानक, गिळताना टोचणारं दुखणं सुरू होतं आणि माणूस ‘ॲसिडिटी’ म्हणत बसतो. पूर्ण ग्लासभर पाणी प्या आणि नंतर अर्धा तास तरी बसून राहा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, इथे मी जरा हळू बोलतो. “गॅस झालाय” म्हणत घरीच थांबलेली माणसं आपल्यातल्या बहुतेकांना माहीत आहेत. हृदयाकडून आणि अन्ननलिकेकडून येणारे मज्जातंतूंचे संदेश मज्जारज्जूत जवळपास एकाच पातळीवर पोचतात, त्यामुळे मेंदूचाही घोळ होतो. दुखणं दाबल्यासारखं किंवा आवळल्यासारखं असेल, जबड्यात, खांद्यात, हातात जात असेल, घाम फुटला असेल, धाप लागत असेल, जिना चढताना वाढून थांबल्यावर कमी होत असेल, तर सोडा, ओवा, गोळी काही नाही. थेट १०८ किंवा जवळचं मोठं हॉस्पिटल. छातीत दुखतंय म्हणून आलेल्या माणसाचा ईसीजी पोचल्यापासून १० मिनिटांत काढला जावा असा नियम आहे, तो मागायला लाजू नका. डायबेटिस असलेल्यांना आणि बायकांना लक्षणं आणखी पुसट असू शकतात, नुसती मळमळ आणि थकवाही. ‘अँटासिड घेतल्यावर बरं वाटलं’ हा हृदय ठीक असल्याचा पुरावा नाही. आणि वय २८ आहे हाही नाही.

घाईचं नाही पण टाळायचंही नाही असं काय? घास अडकतोय, गिळताना दुखतंय, वजन आपोआप उतरतंय, हिमोग्लोबिन कमी आलंय, उलट्या थांबत नाहीत, किंवा आठ आठवडे नीट गोळी घेऊनही फरक नाही, तर पोटविकारतज्ज्ञांकडे जा. शी डांबरासारखी काळी होत असेल किंवा उलटीत रक्त असेल तर मात्र त्याच दिवशी. ते एंडोस्कोपी सांगतील. घशाला बधिर करणारा स्प्रे मारतात, काही मिनिटांचं काम. एंडोस्कोपी नॉर्मल आली तरी “तुला काहीच नाही” असा अर्थ होत नाही. रिफ्लक्स असलेल्या बऱ्याच लोकांच्या अन्ननलिकेवर जखम दिसतच नाही. मग नाकातून बारीक नळी घालून २४ तास ॲसिड मोजता येतं. कधी त्यात ॲसिड वर येतच नाही असंही निघतं. तेव्हा गोळीचा डोस वाढवण्यात अर्थ नसतो, उपचारांचा रस्ताच बदलतो.

जाता जाता दोन प्रश्न. “ऑपरेशनने कायमचं जातं का?” जठराचा वरचा भाग झडपेभोवती गुंडाळतात, रुडॉल्फ निसेन यांनी १९५६ मध्ये मांडलेली पद्धत, आता दुर्बिणीतून करतात. योग्य पेशंट निवडला तर छान चालते. पण काहींना नंतर ढेकर येत नाही, पोट फुगतं, आणि काही वर्षांनी परत गोळी लागू शकते. ज्यांचा रिफ्लक्स तपासणीत सिद्ध झालाय त्यांनीच विचार करावा. दुसरा प्रश्न एका ताईंचा: सातवा महिना चालू आहे, रोज जळतं. ताई, गरोदरपणातल्या हॉर्मोन्सनी झडप सैल होते आणि बाळ खालून ढकलतं, त्यामुळे हे खूप जणींना होतं आणि बाळंतपणानंतर बहुतेकींचं जातं. थोडं थोडं खा, डाव्या कुशीवर झोपा, औषध मात्र तुमच्या डॉक्टरांना विचारूनच. आणि जळजळीपेक्षा बरगडीखाली दुखत असेल, सोबत डोकेदुखी किंवा अंधारी असेल, तर त्याच दिवशी ब्लड प्रेशर तपासून घ्या.

पुढच्या भागात मगाशी अर्धवट सोडलेलं ‘पित्ताचं डोकं’, म्हणजे मायग्रेन. तुमच्या घरात कुणाला होत असेल तर व्हॉइस नोट पाठवा, प्लीज एक मिनिटाच्या आतली!